किल्ल्याच्या हौदातला तांबडा

आमच्या गावाच्या उत्तरेला एक बसकी टेकडी आहे, आणि तिच्यावर पडका किल्ला. माझ्या लहानपणी निजामाची मोगलाई तिथं संपायची. टेकडीपलीकडं नदी, आणि नदीपलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. किल्ला कोणी बांधला याबद्दल गावात एकमत नव्हतं. कोणी जुन्या हिंदू राजांचं नाव घ्यायचं, कोणी बादशहांचं, आणि एक म्हातारा तर राक्षसांनी एका रात्रीत रचला असं शपथेवर सांगायचा. सरहद्द राखायला बांधला, एवढं मात्र सगळ्यांना मान्य होतं. माझ्या वेळेला राखण्यासारखं तिथं फार काही उरलं नव्हतं. दरवाजाची कमान होती, दोन-तीन बुरुज होते, कातीव दगडाचा एक मोठा हौद होता, आणि एका अंगाला पीराचा लहानसा दर्गा. बाकी सगळीकडं ढासळलेले दगड आणि त्यांच्यातून वर आलेलं कंबरभर गवत.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. घरात आजोबा, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. वडील, आई, धाकटे काका, मी आणि माझा लहान भाऊ. आणि काकू. काकूला लग्न होऊन आमच्याकडं येऊन दुसरं वर्ष लागलं होतं. ती नदीपलीकडची, वऱ्हाडातली. गाडीनं गेलं तर दोन-अडीच कोसांवर तिचं माहेर. पण लग्न झाल्यापासून ती एकदाही माहेरी गेली नव्हती. पहिली दिवाळी गेली, पंचमी गेली, दुसरी दिवाळीही गेली.

कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. लग्नाच्या पंगतीत आबांच्या पानात तूप उशिरा पडलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण तूप वाढणारा कोणी एक पोरगा थट्टेनं म्हणाला, "मोगलाईतल्या पाव्हण्यायले तुपाची कुठं सवय हाये?" पंगत हसली. आबांनी पान तसंच ठेवलं आणि उठले. व्याही मागून धावत आले, पाय धरले, पण आबांचा राग उतरला नाही. सून घेऊन आले आणि त्या गावाची वाट बंद केली. पुढं काकूला माहेरी न्यायला व्याह्यांची माणसं दोनदा मूळ घेऊन आली. आबांनी त्यांना जेवू घातलं, पान-सुपारी दिली आणि म्हणाले, "सून सध्या येणार न्हाई. घरी काम हाय."

काकू काही बोलायची नाही. सासऱ्यासमोर आणि भासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी घराची रीत होती. ती आमच्याशी, पोरांशी बोलायची, पण तिच्या 'मले-तुले'ला आम्ही फिदीफिदी हसायचो, म्हणून तेही कमी झालं. दळताना मात्र ती हलक्या आवाजात गायची. आईला ते ऐकू यायचं.

त्या पावसाळ्यात माझ्या भावाला मोठा ताप आला होता. तो उतरावा म्हणून आईनं किल्ल्यावरच्या पीराला मलिदा बोलला होता. संक्रांत झाल्यावर एक दिवस आईनं आबांसमोर विषय काढला. ती थोरली सून, दोन लेकरांची आई. तिला थोडं बोलायची मुभा होती.

"मामा, पोराचा नवस फेडायचा राह्यलाय. सगळेच जाऊन येऊ. हुरड्याचे दिवस हाईत, पोरांचं बी फिरणं होईल."

आबा जरा विचार करून म्हणाले, "जाऊ. मी बी लई वर्षांत वर गेलो न्हाई."

पुष्कळ वर्षांनी आईनं मला सांगितलं, की नवस एकटीनं जाऊनही फेडता आला असता. पण किल्ल्याच्या वरच्या बुरुजावरून नदीपलीकडची गावं दिसतात, हे तिला माहीत होतं. जायला मिळत नाही तर निदान पोरीनं आपलं गाव डोळ्यांनी तरी बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

आम्ही तांबडं फुटायच्या आत निघालो. थंडी अशी, की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. गाडीला आमची घरची जोडी होती, एक पांढरा आणि एक तांबडा. तांबडा आबांचा जीव. त्याची माय तो आठवड्याचा असताना मेली, तेव्हा आबांनी त्याला चिंधीनं दूध पाजून वाढवला होता. गाडीत आई, काकू, आम्ही दोघं, घोंगड्या, कडब्याच्या पेंढ्या, पाण्याची घागर आणि जेवणाचं गाठोडं. त्यात धपाटे, वांग्याचं भरीत, कारळाची चटणी, दह्याचं गाडगं, गूळ आणि मलिद्याचं सामान. बापे माणसं गाडीच्या मागं चालत होती. मी माझ्या वडिलांना बापू म्हणायची. ते वाटेनं माझ्या भावाला लढाईच्या गोष्टी सांगत होते, ज्यातली एकही त्या किल्ल्यावर झाली नसणार.

गाडीवाट थेट कमानीपर्यंत जायची. कमानीत पोचलो तर दर्ग्याचा मुजावर समोरच उभा. पांढऱ्या दाढीचा, उंच माणूस. तो आणि त्याची बायको वरच राहायची. आबांना बघून तो म्हणाला, "आओ पटेल, आज कैसे रास्ता भूले?"

"नातवाचा नवस हाय, चाचा," आबा म्हणाले.

मलिदा झाला, फातिहा झाली. चाचांनी भावाच्या डोक्यावरून मोरपिसं फिरवली. मग बापूंनी बैल सोडले. किल्ल्याच्या आतलं गवत उन्हाळ्यापर्यंत कोणी चारत नसे, तेव्हा बैलांनी पोट भरून चरावं म्हणून त्यांना आत मोकळं केलं. आई आणि काकूनं दर्ग्याशेजारच्या चिंचेखाली घोंगड्या अंथरल्या. काका हुरड्यासाठी आगटी पेटवायच्या तयारीला लागले. मी गाठोडं सोडत होते, एवढ्यात हौदाकडून धडाधड दगड कोसळल्याचा आवाज आला, आणि मागोमाग बैलाचं हंबरणं. तसं हंबरणं मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही पळत गेलो. तांबडा हौदात पडला होता. पाण्याच्या वासानं काठाशी गेला असणार आणि काठाचे दगड त्याच्या वजनानं सुटले. हौद चांगला दोन पुरुष खोल. तळाला गुडघाभर चिखल आणि त्यावर हिरवं पाणी. तांबडा त्यात उभा होता, पुढचे गुडघे सोलवटलेले, मान वर करून आमच्याकडं बघत होता.

"पाय मोडला का बघ," आबा काकांना म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यांनी हातातली काठी खाली टाकली होती, ते मी पाहिलं.

काका भिंतीतल्या खाचांना धरून खाली उतरले. पाय चाचपले. "मोडला न्हाई, आबा. उभा हाय बराबर."

हौदाला एका बाजूनं पायऱ्या होत्या, पण अर्ध्याच. तळाकडच्या पायऱ्या शाबूत, वरच्या सगळ्या कधीच्या ढासळलेल्या. शेवटची पायरी आणि काठ यांच्यामध्ये माणसाएवढा उभा कडा. माणूस कसाबसा चढेल, बैल कसा चढणार?

चाचांनी त्यांच्या विहिरीचा नाडा, जाड दोर, आणून दिला. काकांनी तो तांबड्याच्या पोटाखालून घेतला, वरून बापू, आबा आणि चाचांनी ओढला. काका खालून खांदा लावून होते. तांबडा थोडा उचलला गेला, नाडा त्याच्या बगलेत रुतला आणि तो इतका तडफडला, की काका चिखलात उताणे पडले. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा नाडा तुटला. बापू आणि चाचा दोघं मागं जाऊन पाठीवर आपटले.

त्यानंतर तांबड्यानं प्रयत्न सोडला. त्या थंड पाण्यात त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. काका वर बघून म्हणाले, "आबा, बसायला करून राह्यलाय ह्यो."

बैल चिखलात बसला की उठत नाही, हे मलाही माहीत होतं. आबांनी धोतराचा काचा मारला आणि कोणी काही म्हणायच्या आत खाचांना धरून खाली उतरले. त्यांचं वय साठीच्या पुढं. त्यांनी तांबड्याची मान खांद्यावर घेतली आणि त्याच्या पाठीला तळव्यांनी चोळायला लागले. "उभा रहा, बाबा. उभा रहा." एवढंच परत परत म्हणत होते.

बापू म्हणाले, "मी गावात पळतो. माणसं आणतो."

"माणसं रानोमाळ पांगलेली, तू गोळा करून येस्तोवर दिवस बुडंल," खालून आबा म्हणाले. "तोवर ह्यो टिकायचा न्हाई."

आई माझ्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तेव्हा माझ्या कानाशी काकू वाकली. तिच्या डोक्यावरचा पदर नेहमीसारखा कपाळाखाली ओढलेला होता. तिनं माझ्या कानात काही सांगितलं आणि म्हणाली, "आबायले सांग."

मी हौदाच्या काठाशी गेले. "आबा, काकू म्हणते, बैल वर येत नसेल तर भुई खाली न्या."

बापूंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही वेडंवाकडं बोलले. आबांनी मान वर केली. "काय म्हणती?"

मी परत सांगितलं. पण पुढचं मला नीट सांगता येईना, कारण मलाच ते कळलं नव्हतं. मी काकूकडं बघितलं. काकूनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "मोठ्यानं बोल गं. बैल चाललाय जिवानिशी, आता कशाची रीत?"

आबा खालून म्हणाले, "पोरी, तूच सांग."

दोन वर्षांत आबांनी तिला थेट उद्देशून बोललेले ते पहिलेच शब्द होते. काकू काठाशी आली. आधी तिचा आवाज फुटेना. मग फुटला तो चांगला खणखणीत.

"मामाजी, खालच्या पायऱ्या मजबूत हायेत. त्यायच्यावर गोटे रचत आणले, तं उतार व्हते काठापर्यंत. इथं गोट्यायले काय तोटा हाये? किल्लाच पडेल हाये सगळा. आपण सारे मिळून टाकले तं दिवस कलायच्या आत व्हते. बैल मंग आपल्या पायानं चालत येईन."

आबा पायऱ्यांकडं बघत राहिले. मग काठाकडं. हातानं तांबड्याला चोळणं चालूच होतं. "व्हतंय," ते म्हणाले. "ए, बघत काय राह्यले? दगड आणा."

बापू हलले, पण मुजावर चाचांकडं बघून थबकले. किल्ल्याचा दगड हलवू नये, हलवला तर घराण्याला लागतो, असं आमच्याकडं मानायचे. गावात एकाही घराच्या भिंतीला किल्ल्याचा दगड नव्हता. चाचांना ते कळलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "पत्थर किल्ले का है, किल्ले में इच रहना. बाहर कां जारा? उठाओ, पटेल." आणि पहिला दगड त्यांनीच उचलला.

मग जे सुरू झालं, त्याला काय म्हणावं? पडक्या तटापासून हौदापर्यंत आम्ही ओळ लावली. चाचा आणि बापू तटाच्या ढिगातून दगड काढायचे. त्यांच्यापुढं चाचांची बायको, ती हाक मारताच पदर खोचून आली होती. तिच्यापुढं आई, आईपुढं मी, माझ्यापुढं काकू हौदाच्या काठाशी, आणि खाली शेवटच्या पायरीवर काका. मोठे दगड बापू आणि चाचा लोळवत आणायचे, लहान आमच्या हातांतून जायचे. माझ्या भावाला काकांनी "बारीक खडे आण" म्हणून कामाला लावलं, आणि तो एकेक खडा दोन्ही हातांत धरून, जीभ बाहेर काढून आणायचा.

सुरुवातीला दगड नुसते टाकले, तर ते घरंगळून चिखलात गेले. काकू काठावरून म्हणाली, "असं नाई. आधी मोठे खाली बसवा, फटीत लहान ठोका." काकांनी वर बघितलं. नवऱ्याला चारचौघांत सांगणारी बायको त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी. पण त्यांनी तसंच केलं. थोड्या वेळानं काकांचे हात दगडांनी सोलले आणि चिखलानं निसरडे झाले, तेव्हा काकू स्वतः खाली उतरली. लुगड्याचा काचा घट्ट केला, डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, आणि सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं उभी राहून दगड रचायला लागली. आबा तिथून दोन हातांवर बैलाला धरून उभे. एकदा एक दगड तिला एकटीला हलेना. आबांनी एका हातानं तांबड्याची वेसण धरून दुसरा हात त्या दगडाला लावला. "हं," एवढंच म्हणाले, आणि दोघांनी मिळून तो बसवला. मी वरून बघत होते. तिच्या हातातला दगड घ्यायचा राहिला म्हणून आई माझ्यावर ओरडली.

ऊन चढलं, थंडी पळाली. तांबड्याच्या पाठीला ऊन लागलं तसं त्याचं थरथरणं कमी झालं. आमच्या हातांना फोड आले. कोणालाच भुकेची आठवण नव्हती. घराबाहेर गाताना मी आईला कधी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी चाचांच्या बायकोनं आपल्या बोलीत काही तरी सुरू केलं, आई त्याच चालीवर आपलं जात्यावरचं गाणं म्हणायला लागली, आणि दोन्ही गाणी दगडांच्या तालावर बरोबर बसली. उतार वाढत होता. पायरीपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, कंबरेपासून खांदा. दिवस कलायला लागला, तेव्हा शेवटचे दगड काठाला टेकले.

वरून काकूनं माती टाकायला लावली, मातीवर गवत, गवतावर कडब्याच्या पेंढ्या सोडून पसरल्या आणि सगळ्यांवर आमच्या घोंगड्या. बैलाचा खूर घसरायला नको.

आबांनी तांबड्याला पायऱ्यांशी आणलं. तो खालच्या पायऱ्या चढला आणि आमच्या उताराशी येऊन थांबला. काही केल्या पाय टाकेना. काकांनी शेपूट पिरगाळली, बापूंनी वरून कासरा ओढला. तो मागं रेलला. दिवसभर घाम गाळून बांधलेल्या त्या वाटेकडं तो असा बघत होता, जणू ती खोटी आहे.

"बायांनो, गूळ आणा," आबा म्हणाले.

आई धावत गेली आणि गूळ, धपाटे असं सगळं गाठोडंच घेऊन आली. काकू उतारावर उलटी उभी राहिली, तांबड्याच्या नाकासमोर गुळाचा खडा धरून. त्यानं जीभ काढली. ती एक पाऊल मागं सरली. त्यानं एक पाय उतारावर टाकला. दगड कुरकुरले, पण हलले नाहीत. गूळ संपला, मग धपाटा. धपाटा संपला, दुसरा. आई एकेक काढून खाली द्यायची आणि काकू मागं मागं सरकत वर यायची. "ये माह्या राजा, ये," असं त्याच्याशी आपल्या भाषेत बोलत होती. अर्ध्या उतारावर त्याचा मागचा पाय एकदा घसरला. आबांनी मागून आपला खांदा त्याच्या मांडीला लावला. मग तांबड्याला काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानं मान खाली घातली, फुस्स केलं, आणि उरलेला उतार दोन-तीन ढांगांत चढून काकूला जवळजवळ तुडवतच काठावर आला.

तो वर आला आणि त्यानं सगळं अंग असं झाडलं, की आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलो. बापू हसायला लागले. मग आई हसली. आबा खालून उतारावरून चालत वर आले, सावकाश, आपल्याच दगडांवर पाय टाकत. त्यांनी फेटा काढला, तोंड पुसलं, आणि तोच फेटा तांबड्याच्या पाठीवर फिरवून त्याला कोरडा करायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

चाचा मधेच कुठं तरी गेले होते. एकाएकी दर्ग्याचा नगारा वाजायला लागला. तो एरवी फक्त गुरुवारी वाजायचा, आणि त्या दिवशी गुरुवार नव्हता. चाचा घामानं निथळत, बाह्या सारून, दोन्ही हातांनी नगारा बडवत होते. पांढरा बैल तिकडून कान उभारून पळत आला आणि तांबड्याचं अंग चाटायला लागला. माझा भाऊ नगाऱ्याच्या तालावर गोल गोल नाचत होता. मीही नाचले. आईनं मला अडवलं नाही.

मग आईनं काकूचा हात धरला. "चल, आता बुरुजावर. ज्याच्यासाठी आलो, ते तर राहूनच गेलं."

आम्ही सगळ्यात वरच्या बुरुजावर चढलो. खाली नदी चमकत होती. तिच्यापलीकडं ज्वारीची आणि करडईची रानं आणि मधे मधे झाडीत लपलेली गावं. इंग्रजांचा मुलूख आमच्यासारखाच दिसत होता. काकूनं डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ तिला सापडेना. मग ती म्हणाली, "ते पांढरं देऊळ दिसते का? त्याच्या डाव्या अंगाले चार निंबं. त्या निंबाखालचं घर आमचं." तिनं आणखी काही सांगायला तोंड उघडलं आणि गप्प झाली. मागं आबा उभे होते. ते बुरुजावर कधी आले, आम्हाला कळलं नव्हतं.

"कोणतं म्हणली?" आबांनी विचारलं.

काकूनं पदर डोक्यावर घेतला आणि बोटानं दाखवलं.

आबा बघत राहिले. मग वळून खाली बापूंना म्हणाले, "गाडी जुपा."

"घरी पोचायला अंधार व्हईल," बापू म्हणाले. "चला, जुपतो."

"घरी कुठं? घरी काय ठिवलंय खायला? सगळं तर बैलानं खाल्लं." त्यांनी नदीकडं हात केला. "तिकडं जाऊ. व्याह्याकडं जेवू."

आई एकदम खाली बसली. काकू उभीच होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण चिखलाखाली तोंडच दिसत नव्हतं.

चाचा आणि त्यांची बायको कमानीपर्यंत आली. आबांनी दोन्ही हातांनी चाचांचे हात धरले.

गाडीला जोडी जुपली, पण जड नको म्हणून माझ्या भावाशिवाय सगळे चाललो. तांबडा लंगडत होता, पण चालत होता. नदीच्या अलीकडं करोडगिरीचा नाका होता. मोगलाईतून माल पलीकडं नेताना तिथं तपासणी व्हायची. नाक्यावरच्या शिपायानं आम्हाला थांबवलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. फेटा नसलेला म्हातारा, चिखलात न्हालेल्या बायका, सोललेल्या हातांचे बापे.

"गाडी में क्या माल है?"

आबा म्हणाले, "माल कशाचा? भुकी माणसं हाईत. सुनेच्या माहेरी चाललो."

"ऐसे?" शिपायानं आमच्या कपड्यांकडं बोट दाखवलं.

"ऐसेच," आबा म्हणाले. शिपाई हसला आणि त्यानं आडवा बांबू वर केला.

नदीला पाणी घोट्याएवढंच होतं. आम्ही त्यात हातपाय धुतले, पण कपड्यांचं काय करणार? दिवेलागणीला काकूच्या गावात शिरलो. चार निंबांखालच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा काकूची आई अंगणात तुळशीपुढं दिवा लावत होती. तिनं आम्हाला ओळखलं नाही. कोणी वाटसरू असतील, असं वाटून ती पाणी आणायला वळली. तेव्हा काकूनं हाक मारली, "माय."

ती बाई दिवा हातात घेऊन तशीच उभी राहिली. घरातून काकूचे वडील बाहेर आले. त्यांनी आबांना बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. काही वाईट घडलं म्हणूनच व्याही असे आले, असं त्यांना वाटलं असावं. ते हात जोडून पुढं आले, पायांशी वाकायला लागले.

आबांनी त्यांना मधेच धरलं. "वाकू नका. आज म्या तुमच्या दारी आलोय. तुमच्या पोरीनं आमचा बैल वाचिवला. ती नसती तर हात हलवत घरी गेलो असतो." आणि जरा थांबून म्हणाले, "लई भूक लागली. तूप असंल तर वाढा, सवय हाय आम्हाला."

काकूचे वडील आधी गोंधळले, मग त्यांना आठवलं, आणि मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी आबांना मिठी मारली, तेव्हा आबांच्या अंगाचा अर्धा चिखल त्यांच्या सदऱ्याला लागला. काकूच्या आईनं चुलीवर भाताचा हंडा ठेवला. शेजारच्या बाया ताटं घेऊन आल्या. कोणी तरी तांबड्याच्या गुडघ्यांना हळद लावली आणि त्याच्यापुढं सरकी आणि पेंड ओतली.

जेवताना सगळं गाव ओसरीवर जमलं. झालं काय, ते सांगा, म्हणून काकांच्या मागं लागले. काकांनी सुरुवात केली, पण दोन वाक्यांत काकूनं आतून त्यांना थांबवलं. "तुमी खाली होते, तुमाले काय दिसलं? मी सांगते." ती उंबऱ्यात येऊन बसली आणि तिनं सांगायला घेतलं. नाडा कसा तुटला, चाचा कसे पाठीवर आपटले, मोठा गोटा कुठं बसवला, आणि त्याच्यावर कोणता. मध्येच हातांनी उतार करून दाखवायची. तिच्याजवळ एवढे शब्द होते, हे आमच्या घरातल्या कोणाला माहीत नव्हतं. आबा भात कालवत ऐकत होते. ती दगडांच्या गोष्टीत फार रमली तेव्हा ते म्हणाले, "गोटे झाले गं पोरी. आता बैल वर आण, लोकांचा भात थंड होऊन राह्यलाय."